गाणं संपल्यावर काय?

26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट जवळ आला की आमच्या निगडीत सकाळी सहालाच कर्णे सुरू होतात. एका चौकातलं गाणं संपत नाही तोवर पुढच्या चौकातलं कानावर येतं. जवळच देहूरोडला लष्कराचे डेपो. त्यामुळे आमच्याकडे घराघरात कोणी ना कोणी फौजेतलं ओळखीचं असतंच. देशभक्तीची गाणी ही आमच्यासाठी नुसती रेडिओवरची गोष्ट नाही.

आमच्या महिला मंडळाचा झेंडावंदनाचा कार्यक्रम दरवर्षी मीच पाहते. ठरलेला क्रम असतो. झेंडा, मुलांचा नाच, एका वीरपत्नीचा सत्कार आणि शेवटी ‘ऐ मेरे वतन के लोगों’. गेल्या वर्षी सत्काराला आमच्याच भागातल्या एक ताई होत्या. नवरा फौजेत होता, आता नाही. त्या चाकणला एका कारखान्यात पॅकिंगला जातात, कंपनीच्या बसने. मी त्यांना आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलं. मुलं ठिपक्याठिपक्यांचे हिरवे कपडे घालून, प्लॅस्टिकच्या बंदुका घेऊन नाचली. एक मुलगा शहीद होऊन पडला, टाळ्या कडाडल्या. मी ताईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

कार्यक्रमानंतर मी शाल-नारळाची पिशवी हातात दिली, तर म्हणाल्या, “वहिनी, रागावू नका. ही माझी आठवी शाल. पोराला डिप्लोमाला सैनिकांच्या कोट्याचा दाखला पाहिजे. फौजेच्या कागदावर माझं नाव एक, पोराच्या दाखल्यावर दुसरं. सुट्टी टाकली की हजेरी बुडते. एक दिवस माझ्यासोबत याल का?”

मला खरंच लाज वाटली. आठ वर्षं आपण हिला रडवलं, पण कधी विचारलं नाही, बाई, तुझं काय अडलंय?

घरी येऊन मी त्या गाण्याचाच विचार करत बसले. 1962 साली चीनशी लढाई झाली. आपण हरलो, खूप जवान गेले. कवी प्रदीप यांनी ते गाणं लिहिलं, चाल दिली आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांनी आणि 27 जानेवारी 1963 ला लतादीदींनी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर ते गायलं. त्याच वर्षी मराठीत ‘छोटा जवान’ आला. त्यातलं गदिमांचं, वसंत देसाईंच्या चालीचं गाणं कवायतीसारखं पाय आपटायला लावतं. पोरांना ते आवडणारच. पण प्रदीपजींच्या गाण्यात कोणावर चाल करून जायची भाषा नाही. गेलेल्यांची आठवण ठेवा, एवढंच ते मागतं. 2022 पासून तर दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये सैन्याचे बँडही त्याची धून वाजवतात.

आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असेल. या गाण्याचं उत्पन्न युद्धात विधवा झालेल्या स्त्रियांच्या निधीला जावं, असं प्रदीपजींनी लिहून दिलं होतं. तरी ते पैसे थकले. शेवटी 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने संगीत कंपनीला 10 लाख रुपये त्या निधीत भरायला सांगितलं. बघा, ज्या गाण्याने सारा देश रडला, त्याचे पैसे ज्यांच्यासाठी होते त्यांना मिळायला कोर्टाची पायरी चढावी लागली! मग आमच्या मंडळाने नुसती शाल दिली, यात नवल काय?

गाणी बंद करा, असं मी म्हणत नाही. गाण्यानेच तर मनाला पाझर फुटतो. पण तो पाझर पायापर्यंत पोचला पाहिजे. लढाईच्या गाण्यात आई कुंकू लावून लेकाला निरोप देते, बायको वाट पाहते. पुढे ती रेशन कशी भरते, पोराची फी कुठून आणते, हे कोणतंच गाणं सांगत नाही. ते आपणच बघायचं. जी हे रोज सोसते, तिला शांततेची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. आपल्या मुलांनाही बंदुकीच्या नाचाबरोबर हे कळायला हवं.

आम्ही दोघी-तिघी ताईंबरोबर गेलो. प्रतिज्ञापत्र केलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तीन खेपा झाल्या. नावाचा घोळ सुटला, दाखला मिळाला. पोरगा आता डिप्लोमाला आहे.

अनेक जिल्ह्यांत हे कार्यालय असतं. 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, त्याच्या निधीला दहा-वीस रुपये कोणीही देऊ शकतं. आणि तुमच्या गल्लीत अशी एखादी बहीण असेल, तर सत्काराच्या आधी तिच्या घरी जा. चहा घ्या, कागदपत्रं बघा.

या वर्षी आमच्या कार्यक्रमात गाणं वाजेलच. बंदुकांचा नाच मात्र आम्ही काढला. शालीचे पैसे ताईंच्या मुलाच्या पुस्तकांना दिले. तुमचं मंडळ काय करणार आहे?