साथीला कोण होते?

'साथीला' हा मराठी संगीतव्यवहारातला सर्वांत सोयीचा आणि सर्वांत अन्यायकारक शब्द आहे. निमंत्रणपत्रिकेवर गायकाचे नाव ठळक टायपात असते. खाली 'साथसंगत' म्हणून बारीक टायपात दोन-तीन नावे असतात आणि जागा कमी पडली तर तीही गळतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांताचे शेवटचे वाक्य ठरलेले असते : तबल्यावर अमुक आणि संवादिनीवर तमुक यांनी 'समर्पक साथ' केली. समर्पक म्हणजे काय, ती कुठे समर्पक होती आणि कुठे नव्हती, हे सांगण्याची जबाबदारी आपल्या समीक्षकाला क्वचितच वाटली आहे. साहित्याचा एखादा समीक्षक कादंबरीबद्दल 'भाषा समर्पक आहे' एवढेच लिहून थांबला, तर आपण त्याला परीक्षेत नापास करू. संगीतात मात्र हे वाक्य शंभर वर्षे उत्तीर्ण होत आले आहे.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : महाराष्ट्रात एक उच्च दर्जाचे व्यावसायिक वाद्यत्रय होऊन गेले. ते नियमित वेतनावर, एकाच बिऱ्हाडात राहून, रोज एकत्र वाजवत होते. त्याला आपण नाव दिले नाही, म्हणून ते मोडल्यावर काय गेले हेही आपल्याला कळले नाही.

हे त्रय गंधर्व नाटक मंडळीचे. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. १९१३ साली निघालेल्या या मंडळीच्या मालकांत गोविंदराव टेंबे होते, म्हणजे संस्थापकांपैकी एक स्वतःच पेटीवादक होता. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ केलेला हा माणूस. अशा कंपनीत वाद्यांची निवड चोखंदळपणे झाली यात नवल नाही. नवल पुढेच आहे. बालगंधर्वांवर आपण चरित्रे लिहिली, पुण्यात १९६८ साली त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभारले, २०११ साली चित्रपट काढला. जळगावात शाळकरी नारायण राजहंसाला मेहबूबखाँकडून तालीम मिळाली, हे खानदेशातला संगीतप्रेमी माणूस अभिमानाने सांगतो आणि त्याने ते जरूर सांगावे. पण त्या स्वराच्या मागे जो तिहेरी स्वर-ताल होता त्याचे चरित्र कोणी लिहायचे? तिघांचा उल्लेख होतो तो बालगंधर्वांच्या वैभवाची यादी देताना. भरजरी शालू, गालिचे, अत्तर आणि मग ऑर्गन, सारंगी, तबला. माणसे सामानाच्या यादीत गेली आहेत.

कोणी म्हणेल, त्रय कसले? ती साथ होती. इथे थोडे बाहेर पाहणे उपयोगाचे आहे. युरोपीय अभिजात संगीतात 'पियानो ट्रिओ' नावाचा एक प्रकार आहे : पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशी तीन वाद्ये आणि तीन वादक. आज आपण त्याकडे बरोबरीच्या तिघांचा संवाद म्हणून पाहतो. पण हा प्रकार जन्माला आला तेव्हा तो संवाद नव्हता. अठराव्या शतकात अशा रचना 'व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह पियानोचे सोनाटे' या नावाने छापल्या जात. हायडनच्या त्रयींत चेलो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर गिरवतो. १७९५ मध्ये बीथोवनने आपली पहिली अधिकृत कृती म्हणून तीन पियानो ट्रिओ प्रसिद्ध केले, तिथपासून चेलोला स्वतःचे बोलणे मिळू लागले. म्हणजे 'साथ' हा शब्द तिथेही होता. तिथल्या संगीतकारांनी, वादकांनी आणि समीक्षकांनी तो हळूहळू अपुरा ठरवला. बरोबरी ही वाद्यांच्या स्वभावात नव्हती, ती मिळवावी लागली.

बरोबरीची ही कल्पना रुजल्यावरच त्रयाची कारकीर्द शक्य झाली. 'बो आर्ट्स ट्रिओ' हे त्याचे ठळक उदाहरण. १९५५ साली मेनाहेम प्रेसलर, दानिएल गिले आणि बर्नार्ड ग्रीनहाउस यांनी ते स्थापन केले आणि २००८ पर्यंत ते वाजत राहिले. त्रेपन्न वर्षांत पाच व्हायोलिनवादक झाले, तीन चेलोवादक झाले. पियानोवर प्रेसलरच राहिले. माणसे बदलली तरी नाव टिकले, कारण नाव व्यक्तीचे नव्हते, एकत्र वाजवण्याचे होते. हायडनच्या सगळ्या त्रयी त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या मुद्रणाला 'ग्रामोफोन' या इंग्रजी नियतकालिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम मुद्रणाचा मान मिळाला. ज्या चेलोला हायडनने फारसे काम दिले नव्हते, त्या चेलोवादकाचे नावही मुखपृष्ठावर होते.

आता पहिला आक्षेप. आपले संगीत रागसंगीत आहे, ते एका कलावंताच्या उपजेतून उमलते. लिहून ठेवलेल्या कृतीचे नियम त्याला का लावता? आक्षेप भारदस्त आहे, पण तपासला की पोकळ निघतो. उपज म्हणजे शून्यातून बोलणे नव्हे. बैठकीत गवयाने एक जागा घेतली की सारंगी तिचा माग काढते, तिच्या शेवटाला आपला शेवट जोडते, आणि त्या क्षणभराच्या अंतरात गवयाला पुढचे सुचते. नाट्यपदात पायाच्या भात्यावर चालणारा ऑर्गन स्वराची सलग जमीन देतो. ती सलगता असते म्हणून गायकाला श्वास घेताना गाणे तुटण्याची भीती वाटत नाही. 'वन्स मोअर' मिळालेले पद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नव्या वाटेने जाते तेव्हा ती वाट चौघे मिळून शोधत असतात. आणि थिरकवांसारखा एकल वादनातला बादशहा नाट्यपदाला साधा ठेका धरतो, तेव्हा काय वाजवायचे नाही याचा निर्णय तो दर आवर्तनाला घेत असतो. हा निर्णय कलेतला नाही काय? उत्स्फूर्ततेमुळे सहनिर्मिती अशक्य होते हे म्हणणेच उलटे आहे. लिहिलेली कृती अनोळखी माणसांसोबतही वाजवता येते. न लिहिलेल्या संगीतालाच कायमचे सोबती लागतात.

मग एकट्याचा हा आग्रह आला कुठून? तो रागातून आलेला नाही, समाजातून आलेला आहे. डॅनियल न्यूमन यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर भारतीय संगीतजीवनावरच्या आपल्या पुस्तकात एकल कलावंत आणि साथीदार या दोन सामाजिक श्रेणी कशा घडल्या हे उलगडून दाखवले आहे. सारंगी आणि तबला ही वंशपरंपरेने चालत आलेली, कोठ्यांशी जोडलेली वाद्ये मानली गेली. पांढरपेशा वर्गाने संगीत आपल्या दिवाणखान्यात आणले तेव्हा गाणे शुद्ध करून घेतले आणि वाजवणाऱ्याला मात्र दाराशी बसवले. आपली समीक्षाही याच दिवाणखान्यात वाढली. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' (१९६१) हे मोठे पुस्तक आहे, त्याचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. पण त्यापुढच्या दोन पिढ्यांनी घराण्याची चर्चा म्हणजे गळ्याची चर्चा एवढेच पाठ केले, हा दोष पिढ्यांचा आहे.

त्रय मोडले कसे, हेही समजून घ्यावे. १९३१ साली बोलपट आला, १९३२ साली मराठीतही आला आणि नाटक कंपन्यांचे अर्थकारण कोसळले. कंपनीचे बिऱ्हाड मोडले म्हणजे फक्त नाटक बंद पडले असे नाही. रोज एकत्र बसण्याची सक्ती आणि महिन्याचा पगार या दोन्ही गोष्टी एकदम संपल्या. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती दशकानुदशके टिकली. सारंगी मागे पडत गेली. थिरकवा रामपूर दरबारी गेले, पुढे लखनौला शिकवू लागले, १९७० साली पद्मभूषण झाले. त्यांचे नाव राहिले ते त्यांच्या एकल तबल्यामुळे. ज्याला एकट्याने वाजवण्याची बाजारपेठ होती तो इतिहासात तरला; जे केवळ एकत्र वाजवण्यात थोर होते त्यांच्यासाठी आपल्याकडे रकानाच नव्हता.

हा रकाना आजही नाही. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत शास्त्रीय संगीताच्या स्पर्धा आहेत त्या गायनाच्या, तालवाद्याच्या आणि स्वरवाद्याच्या, आणि तिन्ही एकल. साथीदार ही नियमावलीत कमाल संख्या घालून दिलेली बाब आहे. समूहगान आहे, लोकवाद्यवृंद आहे. म्हणजे एकत्र येणे 'लोक'साठी आणि 'सुगम'साठी चालते, शास्त्रीय म्हटले की माणूस एकटा हवा. 'युवारंग'मधून पुढे जाणारी आपली मुले वयाच्या अठराव्या वर्षी हाच धडा घेतात. जुगलबंदीचे उदाहरण देऊन कोणी याचा प्रतिवाद करील, तर तो टिकणारा नाही. जुगलबंदी म्हणजे दोन एकटे. ते एका संध्याकाळपुरते भेटतात आणि टाळ्या कोणाला जास्त पडल्या हे मोजत घरी जातात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे का सांगायचे? कारण अनेक हातांचा प्रश्न विचारण्याची शिस्त त्यांच्याकडे आहे. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती ओठावरून कागदावर सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने उतरवली, हे आपण वर्गात सांगतो. त्याने बहिणाबाई लहान होत नाहीत. संहिता कशी सिद्ध होते हे कळते. हीच शिस्त ध्वनिमुद्रिकेला लावा. बालगंधर्वांचे पद ऐकताना ऑर्गन कुठे थांबतो, सारंगी कुठे पुढे येते, याचे टिपण काढा. तो ऐकलेल्या संहितेचा अभ्यासच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. तिघांचे मानधन, तिघांचा प्रवास कोण सोसणार? पण प्रेसलर तरी केवळ तिकिटांवर जगले नाहीत. १९५५ पासून ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवत होते. त्रयाची दीर्घ कारकीर्द बाजार सहसा घडवत नाही, तिला संस्थेचा आधार लागतो. नाटक कंपनीने तो नकळत दिला होता. आता तो जाणून द्यावा लागेल.

आणि हे अमळनेरात बसून म्हणताना अवघड वाटू नये. याच गावात श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघाले. बोरीकाठच्या एका गिरणीच्या गावात देशभरातून माणसे आणून, त्यांना छात्रवृत्ती, राहण्याची जागा आणि वेळ देऊन एकत्र विचार करायला बसवले गेले. साने गुरुजीही काही काळ तिथे होते. त्या सहवासातून १९३३ साली 'अज्ञान' या संकल्पनेवर इंग्रजी ग्रंथ निघाला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर एक नाव नाही. मलकानी, दास आणि मूर्ती अशी तीन नावे आहेत, तीही एकाच मापाच्या टायपात शोभतील अशी. चिंतन हे तर गायनाहून एकट्याचे काम मानले जाते. तिथे तिघांना एकत्र बसवण्याची कल्पना ज्या गावाला सुचली, त्या गावाने तबला, सारंगी आणि संवादिनी यांना एकत्र बसवणे म्हणजे चैन आहे असे म्हणू नये.

१९५२ आणि २०२४ अशी दोन साहित्य संमेलने अमळनेरने भरवली. मांडव, भोजन, निवास यांचा खर्च कसा उभा करायचा हे या गावाला शिकवावे लागत नाही. तीन दिवसांच्या उत्सवासाठी जे जमते त्याचा लहानसा अंश तीन वर्षांच्या मुक्कामासाठी का जमू नये? तीन तरुण वादक, एक खोली, महिन्याचे मानधन, आठवड्यातून एकदा महाविद्यालयात सर्वांना खुले वादन. गायक नाही, पाहुणा नाही. कार्यक्रमपत्रिकेवर तिघांची नावे एकाच मापात आणि त्रयाला स्वतःचे एक नाव.

हे होईल तेव्हा होवो. तोवर समीक्षकांनी एक साधे पथ्य पाळावे. 'समर्पक साथ' हे दोन शब्द लिहायचे नाहीत. ज्याला तबला ऐकू आला असेल त्याने तबल्याबद्दल लिहावे. ज्याला आला नसेल त्याने मैफलीबद्दलच लिहू नये.