बाटली आडवी झाली, मुलाचं काय?



‘आपल्यात दारू हराम आहे,’ हे आपण मोठ्या खात्रीने म्हणतो. सूरह माइदामधला मनाईचा हुकूम स्पष्ट आहे, त्यावर वाद नाही. पण हुकूम असणे वेगळे आणि मोहल्ल्यात एकही पिणारा नसणे वेगळे. पिणाऱ्याच्या घरातल्या मुलावर दोन ओझी असतात. एक बापाच्या नशेचे, दुसरे ती लपवण्याचे.

वर्गात असे मूल ओळखू येते. पालकसभेची चिठ्ठी ते घरी देतच नाही. पहिल्याच तासाला पेंगते. शाळा सुटली की बाकीची मुले पळतात, हे दप्तर भरत रेंगाळते. विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, “अब्बू बीमार हैं.”

महाराष्ट्रात दारूविरुद्ध मोठे लढे झाले. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली लागू झाली आणि २०२१ साली उठली. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. त्यांच्या हिमतीला सलाम. पण हे सगळे राजकारण दुकानाभोवती फिरते. दुकान बंद झाले तरी बापाचे व्यसन त्याच दिवशी सुटत नाही. मुलाला तर मतच नाही, मग त्याच्या बाजूने कोण बोलणार?

ब्रिटनमध्ये २०१७ साली लियम बर्न आणि जोनाथन ॲशवर्थ हे दोन खासदार बोलले. आपले वडील दारूच्या आहारी गेले होते आणि आपले बालपण कसे गेले, हे त्यांनी भर संसदेत सांगितले. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने अशा मुलांच्या मदतीसाठी स्वतंत्र निधी जाहीर केला. लाज बाजूला ठेवून कोणीतरी बोलले, म्हणून हे घडले.

आपल्याकडे कायदा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार, पालक सांभाळ करण्यास असमर्थ ठरले तर ते मूल काळजी आणि संरक्षणाचे हक्कदार असते. त्यासाठी जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. १०९८ हा मोफत क्रमांक आहे. समितीकडे गेले म्हणजे मूल घरातून काढून नेतातच, ही भीती मनातून काढा. मुलाला शक्यतो कुटुंबातच ठेवावे, संस्थेत पाठवणे हा शेवटचा उपाय, असे हाच कायदा सांगतो.

म्हणून मते मागायला जो दारात येईल, त्याच्यासमोर तीन मागण्या ठेवा. शाळेत समुपदेशक नेमा. गावातली किंवा प्रभागातली बाल संरक्षण समिती खरोखर बसवा आणि तिच्या सदस्यांची नावे शाळेच्या फलकावर लावा. सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, घरी मुले किती आणि ती आज कोणाजवळ आहेत?

रस्ता आणि नळ मागताना आपण लाजत नाही. मग हे मागतानाच का लाजावे?

एक विनंती मशिदीच्या जिम्मेदारांनाही आहे. एखाद्या जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी एवढे जरूर सांगावे की, बापाच्या गुनाहचा बोजा मुलावर नाही. मागच्या सफमध्ये बसलेले एखादे मूल ते ऐकेल, इन्शाअल्लाह.