यंत्र बदलले, सवयीचे काय?

अमेरिकेच्या थंड प्रदेशांत घर उबदार ठेवणे ही चैन नव्हे, गरज आहे. तेथील घरांत भिंतीवर बसविलेला थर्मोस्टॅट हे काम सांभाळतो. खोलीचे तपमान ठरविलेल्या अंशाखाली उतरले की तो भट्टी सुरू करतो, वर गेले की बंद करतो. १९५३ साली हनीवेल कंपनीने आणलेली त्याची गोल तबकडी असंख्य घरांत बसली. आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि काचेच्या कुपीतला पारा. एवढ्या सामग्रीवर ती कित्येक दशके चालली. आता ती काढून डिजिटल थर्मोस्टॅट बसविला जातो. त्याने इंधन वाचते, असे सांगितले जाते. हा दावा तपासून घेतला पाहिजे.

नवे यंत्र रात्री, तसेच घर रिकामे असताना, तपमान आपोआप उतरविते. घरातील व बाहेरील तपमानांत अंतर कमी, तितकी उष्णता कमी निसटते. हे निर्विवाद आहे. परंतु हे काम हाताने तबकडी फिरवूनही होते. १९७७ च्या कडक हिवाळ्यात नैसर्गिक वायूची टंचाई असता राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी दिवसा ६५ व रात्री ५५ अंश फॅरनहाइट तपमान राखण्याचे आवाहन केले, ते हाताने फिरवावयाच्या तबकड्यांच्या भरवशावरच. पुढे वेळापत्रक पाळणारे थर्मोस्टॅट आले आणि 'एनर्जी स्टार' या सरकारी योजनेने त्यांना मान्यता दिली. पण अनेक कुटुंबांनी वेळापत्रक कधी भरलेच नाही. अपेक्षित बचत सिद्ध होईना, तेव्हा २००९ च्या अखेरीस ती मान्यता काढून घेण्यात आली.

शिवाय नव्या यंत्राचे आयुष्य विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. २०११ साली बाजारात आलेल्या 'नेस्ट' थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांना फोनवरून चालविण्याची सोय गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केली. यंत्रे भिंतीवर चालू राहिली. ज्या सोयीसाठी पैसे मोजले, ती मात्र गेली. जुन्या तबकडीतील पारा कचऱ्यात जाऊ न देता गोळा करण्याचा भार निराळाच.

याचा अर्थ नवे यंत्र निरुपयोगी, असा नव्हे. मनुष्य बहुधा आयते मिळालेले तपमान बदलत नाही, हे ओळखून केलेली योजना फळ देऊ शकते. भारतात जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर असावीत, असा नियम झाला तो याच विचाराने. एक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा मंत्रालयाने सांगितले आहे. पण कचेरीत पाऊल टाकताच कोणी ते १८ वर आणले, तर नियमाचा उपयोग काय?

म्हणून सरकारी अनुदान यंत्राच्या विक्रीवर न देता मोजून दाखविलेल्या बचतीवर द्यावे. नव्या यंत्राची खरेदी म्हणजेच काटकसर, हा समज ग्राहकाच्या खिशाला आणि सरकारी तिजोरीला सारखाच महाग पडतो.