सांथीचा आंकडा कोणाच्या मालकीचा?

सन २०२५ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें सन २०२१ सालच्या जन्ममृत्यूंच्या नोंदणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यावरून असें दिसतें कीं, सन २०२० सालीं देशांत सुमारें ८१ लक्ष मृत्यूंची नोंद झाली होती, ती पुढच्याच वर्षीं १ कोटी २ लक्षांवर गेली. एका वर्षांत सुमारें २१ लक्ष मृत्यु अधिक. आणि त्या वर्षीं करोनानें मेले म्हणून सरकारनें जाहीर केलेले लोक सव्वातीन लक्षांच्या आसपास. हे सारे अधिक मृत्यु करोनाचेच, असें आमचें म्हणणें नाहीं. नोंदणीची व्यवस्था सुधारल्यानेंही आंकडा वाढतो. परंतु मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हिंदुस्थानांत दोन वर्षांत ४७ लक्ष अधिक मृत्यु झाले असावेत असा अंदाज दिला, तेव्हां गणिताची पद्धत सदोष म्हणून आमच्या सरकारनें तो झिडकारला. पद्धतीवर वाद घालणें रास्तच होतें. त्या वादांत उत्तरादाखल सरकारनें सन २०२० चें पान उघडून दाखविलें. सन २०२१ चें पान, ज्यावर खरा मजकूर होता, तें आणखी तीन वर्षें मिटूनच राहिलें.

इतिहासाची येथें आठवण होते ती सुखावह नाहीं. सन १९१८ च्या जून महिन्यांत मुंबई बंदरांतील पोलीस शिपायांपासून सुरू झालेल्या इन्फ्लुएंझानें देशभर असा कहर केला कीं, सन १९२१ च्या शिरगणतींत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली. पण त्या परक्या सरकारच्या आरोग्य अधिकाऱ्यांनीं सुद्धां सन १९१९ मध्येंच सुमारें साठ लक्ष मृत्यूंचा प्राथमिक अंदाज छापला होता. पुढें शिरगणतीवरून तो फारच थोडा ठरला व आंकडा दुपटीवर गेला, ही गोष्ट निराळी. परक्यांस जी तत्परता एका वर्षांत साधली ती स्वराज्याच्या सरकारास चार वर्षांत साधूं नये, याचा आम्हांस खेद होतो.

हा दिल्लीचा हिशेब. भाईंदरच्या पेढीवर त्याचें काय काम, असें एखादा व्यापारी विचारील. ज्या दुकानाची रोजकीर्द चार वर्षांनीं लिहिली जाते त्याला उधार कोण देतो, हें त्यानेंच आम्हांस सांगावें. तारीख १६ जून २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें पूर्वीं मोजावयाचे राहून गेलेले १,३२८ मृत्यु एकदम हिशेबांत मिळविले. पैकीं ८६२ एकट्या मुंबईचे होते. चूक दुरुस्त केली हें सरकारास भूषणावहच होय. तथापि त्यापूर्वींचे कित्येक आठवडे मीरा रोडहून मुंबईच्या रुग्णालयांत कामावर जाणारी परिचारिका आणि तिच्या घरचीं माणसें आपल्या जिवाचा अंदाज त्या अपुऱ्या आंकड्यावरच करीत होतीं.

जेथें खरी वार्ता उशिरां पोंचते तेथें खोटी अगोदर येऊन बसते. सन २०२० च्या आरंभीं कोंबडीचें मांस खाल्ल्यानें करोना होतो अशी आवई उठली आणि महाराष्ट्रांतील कुक्कुटपालन करणारे शेतकरी हां हां म्हणतां बुडाले. तारीख २४ मार्च रोजीं रात्रीं ८ वाजतां देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली व १२ पासून तिचा अंमल सुरू झाला. किराणा मिळणार कीं नाहीं याचा खुलासा घोषणेबरोबरच स्पष्ट न झाल्यामुळें, ज्या गर्दीपासून लोकांस दूर ठेवावयाचें तीच गर्दी त्या चार तासांत दुकानांपुढें लोटली. तारीख १४ एप्रिल रोजीं गाड्या सुटणार अशा वार्तेवरून वांद्रें स्टेशनाबाहेर हजारों मजूर जमले. आणि दोनच दिवसांनीं, म्हणजे तारीख १६ रोजीं, आमच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें चोर व मुलें पळविणारे फिरत आहेत या अफवेनें भडकलेल्या जमावानें दोन साधू व त्यांचा गाडीवान यांस ठार मारलें.

अशा आठवड्यांत राज्य सरकारनें काय करावें? तारीख १८ एप्रिलच्या हुकुमानें वर्तमानपत्रें छापण्यास मोकळीक दिली आणि तीं घरोघर टाकण्यास मनाई केली! उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें आपण होऊन याची दखल घेतली. तीन दिवसांत हुकूम सैल झाला, पण मुंबई महानगर प्रदेशांत, म्हणजे आमच्या शहरांतही, बंदी जूनपर्यंत चालली. ज्याच्यावर संपादकाचें नांव असतें व खोटें छापल्यास ज्याला न्यायालयांत खेंचतां येतें तें पत्र दाराबाहेर, आणि ज्याला धनी नाहीं तो व्हॉट्सॲपवरील मजकूर मात्र घरांतल्या प्रत्येकाच्या उशाशीं, अशी ही व्यवस्था झाली.

वकिलीचा धंदा केलेल्या माणसास कायद्याचा मजकूर मुळांतून वाचण्याची खोड असते. सन १८९७ चा सांथरोग प्रतिबंधक कायदा आम्हीं पुन्हा वाचून पाहिला. मुंबईंत प्लेग शिरल्यावर अवघ्या चारपांच महिन्यांत, तारीख ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं, तो झाला, आणि सन २०२० च्या मार्चमध्यें महाराष्ट्र सरकारनें त्याच्याच आधारें नियम केले. मुळांत चार कलमें. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार आहे, न ऐकणारास शिक्षा आहे, आणि सद्हेतूनें अंमल करणाऱ्या अधिकाऱ्यास फिर्यादीपासून संरक्षण आहे. लोकांस रोगाची खरी स्थिति कळविण्याचें बंधन सरकारवर घालणारी एक ओळही त्यांत नाहीं. सन २०२० च्या दुरुस्तीनें आरोग्यसेवकांवर हात टाकणारास जबर शिक्षा ठेवली, ही आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण ती ओळ त्या दुरुस्तींतही आली नाहीं.

या मुकेपणाचें फळ काय तें प्लेगच्या वेळीं दिसलें होतें. ऑक्टोबर १८९६ मध्यें, रुग्णालयांत नेलेला माणूस मारला जातो या समजुतीनें गिरणीकामगारांच्या जमावानें मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. (तेंच आजचें कस्तुरबा रुग्णालय, सन २०२० मध्यें मुंबईंतील करोनाचे पहिले संशयित रोगी तेथेंच ठेवले होते.) पुण्यास गोरे सोजीर घरांत घुसूं लागले, त्यांतून तारीख २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. सरकारनें यावरून धडा घेतला तो उलटा. सन १८९८ मध्यें दंडसंहितेंतील राजद्रोहाचें कलम वाढविलें व अफवांविषयींचें ५०५ वें कलम नव्यानें लिहिलें. तेंच कलम तारीख १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमांत येऊन बसलें आहे. त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले मात्र रोग्यांची शुश्रूषा करतां करतां प्लेग होऊन तारीख १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. लोकांचा विश्वास कोणत्या मार्गानें मिळतो हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवाव्या.

खोटी बातमी बुद्ध्या पसरविणारास शिक्षा नको असें आम्ही म्हणत नाहीं. पण खोटें कशास म्हणावें? तारीख ३१ मार्च २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मजुरांच्या पायपिटीस खोट्या बातम्यांची घबराट कारण झाली असें मानून, वृत्तपत्रांनीं सरकारी निवेदन पाहावें व छापावें असें सांगितलें. त्याच्या तीन दिवस आधीं, तारीख २८ मार्च रोजीं, हा रोग हवेंतून पसरत नाहीं असें खुद्द जागतिक आरोग्य संघटनेनें ठासून जाहीर केलें होतें! पुढें जुलैमध्यें २३९ शास्त्रज्ञांनीं याविरुद्ध पत्र लिहिलें, आणि बंद व कोंदट जागेंत रोग्याच्या श्वासांतील सूक्ष्म कण हवेंत तरंगत राहून बाधा करतात, हें संघटनेस सन २०२१ मध्यें स्पष्ट मान्य करावें लागलें. या वर्षभरांत आम्ही सर्वांनीं भाजी धुतली, दाराच्या कड्या पुसल्या, रस्त्यांवर औषधें फवारलीं, आणि खिडक्या बंद करून वातानुकूलित खोल्यांत सभा घेतल्या. मार्च २०२० मध्यें ज्या कोणी हवेची शंका काढली असती त्याचें म्हणणें सरकारी निवेदनाच्या मापानें खोटेंच ठरलें असतें. म्हणून तारीख ३० एप्रिल २०२१ चा हुकूम आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. प्राणवायु, खाट, औषध मिळत नाहीं असें जो नागरिक उघड सांगतो त्याचें तोंड दाबल्यास तो आपला अवमान समजूं, असें त्याच न्यायालयानें त्यांत बजावलें.

तो एप्रिल महिना मीरा-भाईंदरांत कोणी विसरला नसेल. खाट कोठें रिकामी आहे हें शोधीत लोक दहिसरपासून खाडीपलीकडे वसईपर्यंत धांवत होते. रेमडेसिव्हिरच्या एका कुपीस काळ्या बाजारांत हजारों रुपये पडत. रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांस हें औषध देऊं नये, कारण त्यानें मृत्यु टळतात असा पुरावा नाहीं, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें तारीख २० नोव्हेंबर २०२० रोजींच दिलेला होता! पांच महिन्यांपूर्वींची ही छापील माहिती कोणी सोप्या मराठींत, हिंदींत व गुजरातींत प्रत्येक औषधाच्या दुकानावर चिकटविली असती, तर कित्येकांच्या घरचे दागिने वांचले असते.

जागतिक आणीबाणी तारीख ५ मे २०२३ रोजीं संपली. श्वासाचा रोग संपला नाहीं, आणि पुढचा कोणत्या नांवानें येईल तें सांगतां येत नाहीं. परंतु त्याचा रस्ता ठाऊक आहे. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत भांड्यांना पॉलिश करणारे कामगार शटर अर्धें ओढून दहा तास एकाच हवेंत बसतात. तें शटर वर करून समोरासमोर हवा खेळती ठेवणें हें सांथीच्या दिवसांत मालकाचें पहिलें काम समजलें पाहिजे. ताप-खोकला असतां हजेरी कापली जाईल म्हणून जो कामगार येतो तो सगळा गाळा आजारी पाडतो, तेव्हां त्याचा दोन दिवसांचा पगार देणें व्यापाऱ्यास हिशेबानेंही स्वस्त आहे. विरारच्या गर्दीच्या गाडींत तोंडावर चांगला मास्क हवा, घरांतल्या वृद्धांस वेळेवर लस हवी, आणि गृहसंस्थांनीं मोलकरणीस दारांत अडवून लिफ्टमध्यें दहा माणसें कोंबण्याचा उद्योग पुन्हा करूं नये.

नगरपालिकेकडून आम्हांस पाहिजे तें फार नाहीं. धोकादायक रोगांचा प्रसार रोखणें हें सन १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानें तिचें कर्तव्यच ठरविलें आहे, आणि माहितीच्या अधिकाराच्या सन २००५ च्या कायद्याचें ४ थें कलम, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहतां माहिती प्रसिद्ध करा, असें प्रत्येक सार्वजनिक संस्थेस सांगतें. तेव्हां सांथ नसतांनाच पालिकेनें ठराव करून ठेवावा कीं, श्वसनरोगाची सांथ जाहीर झाल्या दिवसापासून प्रभागवार रोगी, तपासण्या, मृत्यु, आणि पंडित भीमसेन जोशी रुग्णालयासह प्रत्येक रुग्णालयांतील रिकाम्या खाटा व प्राणवायूचा सांठा, रोज संध्याकाळीं ठराविक वेळीं प्रसिद्ध होईल. जुना आंकडा बदलल्यास कोणता व कां बदलला तेंही त्याखालीं लिहिलें जाईल. तो केवळ संगणकावर न ठेवतां दोन्ही स्टेशनांबाहेर, प्रभाग कार्यालयांत आणि उत्तनच्या कोळीवाड्यांत फळ्यावर लावावा. व्यापारी मंडळांनीं याची लेखी मागणी आतांच करावी. उत्तर किती दिवसांत येतें व काय येतें, तें आम्ही याच स्तंभांत छापूं.