उहुराला खरे काम द्या



१९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ नावाची इंग्रजी मालिका दाखवीत असत. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याविषयी विचारून पाहा. टोकदार कानांचा, कधी न हसणारा स्पॉक पुष्कळांना आठवेल. मग विचारा, “आणि उहुरा?” बहुतेक जण जरा थांबतील आणि म्हणतील, “कानाला यंत्र लावून बसायची, तीच ना?”

हो, तीच. माझी तक्रार नेमकी या ‘बसण्या’बद्दल आहे.

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात झाली. तिचे ७९ भाग निघाले. लेफ्टनंट उहुरा ही ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानावरची संदेश-अधिकारी. ती संपर्क जोडून देते, आणि पुढचे सारे बोलणे कॅप्टन कर्क करतात. एका भागात ती बिघडलेल्या संदेशयंत्रणेच्या तारा स्वतः जोडते आणि या कामात तिचा हात कोणी धरणार नाही, असे खुद्द स्पॉक सांगतो. पण असे प्रसंग मोजकेच. सुरुवातीच्या भागांतली उहुरा आणि शेवटाकडच्या भागांतली उहुरा यांत काही फरक दिसत नाही. म्हणजे तिला काम आहे, पण प्रवास नाही.

आता तेव्हा प्रत्यक्षात काय चालले होते ते पाहा. १९६७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासत होती. दररोज सुमारे ३० मीटर कागदावर शाईची रेघ उमटे, आणि ती सगळी डोळ्यांनी वाचावी लागे. त्या रेघेत तिला एक बारीकशी खरखर दिसली, बोटाच्या पेराहूनही छोटी. दुसरा कोणी असता तर ‘यंत्रातला दोष’ म्हणून पुढे गेला असता. तिने मागचे कागद काढले. आकाशाच्या त्याच भागातून तशीच खरखर पूर्वीही आली होती!

वेगाने कागद फिरवून नोंद घेतल्यावर दर १.३३ सेकंदाला एक ठोका दिसला. इतका नियमित ठोका कोण देणार? गमतीने त्या उगमाला ‘छोटी हिरवी माणसे’ असे नाव पडले. पण बेल आणि तिचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश गमतीवर थांबले नाहीत. हा आवाज माणसाच्या यंत्राचा म्हणावा, तर तो घड्याळाच्या वेळेने न येता ताऱ्यांप्रमाणे रोज सुमारे चार मिनिटे लवकर येत होता. परग्रहावरचा म्हणावा, तर तो ग्रह आपल्या सूर्याभोवती फिरताना ठोक्यांमधले अंतर कमीजास्त व्हायला हवे होते. तसे आढळले नाही. शेवटी आकाशाच्या वेगळ्याच भागात बेलला असाच दुसरा उगम सापडला. दोन दूरच्या जगांतून एकाच वेळी, एकाच पद्धतीने हाका याव्यात हे संभवत नव्हते. हे निसर्गाचेच काम होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्या ताऱ्यांना आपण पल्सार म्हणतो. ते स्वतःभोवती वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे आहेत. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आजही पल्सारांचा अभ्यास करतात.

म्हणजे पडद्यावरची उहुरा कानाला यंत्र लावून नुसती बसली होती, तेव्हा तिच्यासारखेच काम करणारी एक खरी तरुणी विश्वाचे एक कोडे सोडवीत होती. मग ती मालिका पुन्हा लिहू या ना!

माझ्या मालिकेत उहुराला एक क्षीण ठोका ऐकू येतो. कॅप्टन म्हणतात, “सोडून द्या.” ती सोडत नाही. पहिल्यांदा ती चुकते. तो आवाज यानातल्याच एका पंपाचा निघतो आणि सर्वांसमोर तिला तसे कबूल करावे लागते. पुढे पुन्हा ठोका येतो. या वेळी ती आधी तपासणी ठरवते. यानाचा वेग वाढवून उगमाच्या दिशेने गेले, तर बाहेरून येणारे ठोके जवळजवळ पडू लागतील. यानातल्या आवाजात मात्र फरक पडणार नाही. यासाठी कॅप्टनना मार्ग बदलावा लागतो, म्हणजे त्यांनाही थांबायला आणि ऐकायला शिकावे लागते. आणि प्रत्येक गोष्टीची संभाव्यता पटकन सांगणारा स्पॉक एकदा तरी म्हणतो, “मला माहीत नाही.” एकीचा प्रवास बदलला की तिघांचाही बदलतो.

कोणी म्हणेल, त्या काळी यानावर कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी दाखवली हेच पुष्कळ होते. खरे आहे. ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला थांबवले, असे त्या सांगत. १९७७ साली त्यांनी ‘नासा’साठी स्त्रियांना अंतराळवीर होण्याचे आवाहन केले. १९७८च्या ३५ जणांच्या तुकडीत ६ स्त्रिया निवडल्या गेल्या. १९९२ साली अंतराळात गेलेल्या मे जेमिसन यांनी उहुरापासून स्फूर्ती घेतल्याचे सांगितले आहे. पण विचार करा, एवढ्याशा भूमिकेने इतके केले, तर भरीव भूमिकेने किती केले असते! २००९च्या चित्रपटात आणि २०२२ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेत उहुरा भाषातज्ज्ञ झाली, हे चांगलेच झाले. तरी चुकण्याला आणि पुन्हा तपासण्याला पडद्यावर अजून फारसा वेळ मिळत नाही.

आता पडदा सोडून आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेकडे या. तुमच्या गटात उपकरण कोण हाताळतो, आणि “तुझे अक्षर चांगले आहे” म्हणून नोंदी कोण लिहिते? शिक्षकांना माझी विनंती आहे, दर प्रयोगाला ही कामे बदला. सगळ्यांनी उपकरण हाताळावे आणि सगळ्यांनी नोंदीही लिहाव्यात. नोंदी लिहिणे कमी प्रतीचे काम नाही. बेलचा शोध नोंदींतूनच लागला. मात्र लिहिणाऱ्याला “ही खरखर कसली?” असे विचारण्याचा आणि प्रयोग थांबवून पुन्हा करायला लावण्याचा अधिकार हवा. १९७४ साली या शोधासाठीचे नोबेल पारितोषिक ह्यूइश यांना मिळाले, बेलला नाही. ज्याने नोंद वाचली त्याचे नाव शोधाशी जोडायला आपण अजून शिकायचे आहे.

तेव्हा येत्या सुटीत तुम्हीही या मालिकेचा एक भाग लिहा. पात्रे तुमच्या आवडीची घ्या, यान हवे तेवढे वेगवान करा. माझी अट एकच : शेवटी निदान एका पात्राने पुराव्यापुढे आपले मत बदललेले असावे.