जमिनीतून निघणारा धूर



महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक छापले आणि अमेरिकेतील ज्या सज्जनांनी तिथल्या गुलामांना दास्यातून मोकळे केले त्यांना ते अर्पण केले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण मोकळ्या झालेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले? ती कुठे राहिली, त्यांनी काय पेरले, विक्रीच्या बाजारात ताटातूट झालेली मायलेकरे पुन्हा भेटली का? हे आपण फारसे विचारीत नाही. 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाल्यावर चारच वर्षांनी, १८७७ साली, त्यांच्यापैकी काही कुटुंबांनी केंटकी राज्य सोडले, पश्चिमेची वाट धरली आणि कॅन्सासच्या उघड्या माळावर स्वतःचे गाव वसवले. गावाचे नाव निकोडेमस. या आठवड्यात त्या गावाविषयी.

केंटकीत गुलामी संपली ती १८६५ च्या डिसेंबरात, देशाच्या घटनेत दुरुस्ती झाली तेव्हा. साखळी तुटली, पण पायाखालची जमीन कोणाची होती? त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मन याने दक्षिणेकडील समुद्रकाठच्या पट्ट्यातली जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यावी असा हुकूम काढला होता. वर्ष संपायच्या आत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने तो फिरवला. बहुतेक जमीन पुन्हा जुन्या मालकांच्या घशात गेली. मग उरली अर्धेली. शेत मालकाचे, बियाणे उधारीचे, हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात. वर्षभर राबावे आणि सुगी झाल्यावर बाकी आपल्याच अंगावर निघावी. ज्यांचे वडील-आजोबा सालगडी होते त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पश्चिमेला मात्र सरकारी जमीन मिळत होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याप्रमाणे थोडी फी भरून १६० एकरांपर्यंत दावा लावायचा, पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, मग पट्टा नावावर. विधवेला किंवा एकवीस वर्षे पुरी झालेल्या अविवाहित स्त्रीलाही आपल्या नावाने दावा लावता येई. नवरा असलेल्या बाईला मात्र लावता येत नसे. राबायला ती पुढे, कागदावर तिचे नाव नाही, हा न्याय तिथेही होताच.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही 'सरकारी' जमीन आभाळातून पडलेली नव्हती. कॉ, पॉनी, ओसेज, शायेन अशा मूळ रहिवाशांना हुसकून ती मोकळी केलेली होती. म्हणजे एका पिडलेल्या समाजाच्या हाती आली ती दुसऱ्या पिडलेल्या समाजाची भुई. हे झाकून ठेवून नुसती शौर्यकथा सांगणे मला पटत नाही.

निकोडेमसची जाहिरात करणाऱ्यांत डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीनव्यापारी होता आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय गृहस्थ होते. केंटकीतील चर्चमधून पत्रके वाटली गेली. सुपीक जमीन, पाणी, स्वतःचे गाव असे चित्र रंगवले गेले. सप्टेंबर १८७७ मध्ये लेक्सिंग्टनच्या बाजूने सुमारे तीनशे माणसे निघाली. रेल्वे त्यांना एलिस या स्टेशनापर्यंत घेऊन आली. तिथून पुढे पन्नासएक किलोमीटर पायी. गाडीत सामान आणि लेकरे, बाकीचे चालत. पोहोचल्यावर पाहतात तो घर नाही, झाड नाही, रस्ता नाही. नुसते गवत. काही कुटुंबे तिथूनच माघारी फिरली. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. अंगावर लेकरे असताना हिवाळ्याच्या तोंडाशी अशा माळावर राहायचे, हा निर्णय सोपा नव्हता.

पुढच्या वसंत ऋतूत, १८७८ साली, विलियाना हिकमन ही बाई नवरा आणि मुलांसह आली. एलिसला थांबले असतानाच त्यांच्या तांड्यात गोवराची साथ पसरली आणि काही लेकरे तिथेच दगावली. त्या लेकरांना मातीआड करून मंडळी पुढे निघाली. दोन दिवसांनी पुरुषांनी हाळी दिली, आले निकोडेमस! ती इकडे तिकडे बघू लागली, पण गाव काही दिसेना. नवऱ्याने बोट दाखवले तिकडे जमिनीतून धूर निघत होता. माणसे जमिनीखाली राहत होती! तिला रडू कोसळले. ही हकीकत पुढे तिनेच सांगून ठेवली आहे, म्हणून आपल्यापर्यंत आली.

माळावर लाकूडफाटा नव्हताच. म्हणून टेकाडाच्या कडेला किंवा सपाट जमिनीत खड्डा खणायचा, वर फांद्या आणि माती टाकायची, एका बाजूला चूल आणि धुराड्याला भोक. हेच घर. पावसात छत गळे, उन्हाळ्यात मातीची भुगी ताटात पडे. सरपण काय? रानरेड्यांच्या वाळलेल्या शेणी आणि सूर्यफुलांचे धाट. गोवऱ्या वेचणाऱ्या आपल्या आज्यांना ते दृश्य परके वाटले नसते. अशाच एका भुयारी घरात त्या पहिल्याच वर्षी एमा विल्यम्स हिच्या पोटी निकोडेमसचे पहिले बाळ जन्मले.

पहिला हिवाळा उपासमारीचा गेला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी आपल्यातले अन्न दिले म्हणून आम्ही जगलो, असे त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. आधी हुसकले गेलेले ते ओसेज, त्यांनीच भुकेल्याला घास दिला!

शेतीची तऱ्हा अशी, की नांगर नव्हते आणि ओढायला जनावरे जवळजवळ नव्हती. शेकडो वर्षांच्या गवताच्या मुळ्यांनी जमीन चटईसारखी विणलेली. ती फावड्याने आणि कुदळीने फोडायची. रोख पैसा हवा म्हणून पुरुष रेल्वेच्या कामावर किंवा दूरच्या शेतांवर मजुरीला गेले. मागे राहिल्या बाया आणि पोरे. दाव्याची जमीन ओसाड दिसली तर हातची जायची, तेव्हा ती राखण्याचे काम या बायांनीच केले. निकोडेमस वसवले कोणी, असे विचारले तर जाहिरात करणाऱ्या दोघांची नावे पुस्तकात सापडतात. मला विचाराल तर ते गाव फावडे धरणाऱ्या या मायभगिनींनी वसवले.

त्या हालातही शाळा थांबली नाही. जेनी फ्लेचर या बाईंनी आपल्या मातीच्या घरातच मुले गोळा करून शिकवायला सुरुवात केली. गुलामीच्या काळात दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत काळ्या माणसाला अक्षरे शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता, हे ध्यानात घ्या म्हणजे या भुयारातल्या शाळेची किंमत कळेल. याच गावात १८७८ साली आलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये निवडून येऊन कॅन्सास राज्याचे हिशेबतपासनीस झाले. मालकाच्या वहीपुढे मान खाली घालणाऱ्यांच्या समाजातला माणूस सगळ्या राज्याच्या वह्या तपासू लागला.

निकोडेमस एकटे नव्हते. टेनेसीत बेंजामिन सिंगलटन नावाचे वृद्ध सुतार होते. ते स्वतः गुलामीतून पळालेले होते. युद्धानंतर परत येऊन शवपेट्या बनवण्याचे काम करीत. आपल्या लोकांसाठी इतक्या पेट्या बनवाव्या लागतात, तेव्हा त्यांना इथून बाहेर काढले पाहिजे, असे या माणसाने मनाशी ठरवले आणि कॅन्सासात वसाहती उभ्या केल्या. दक्षिणेत संरक्षणाला असलेले केंद्राचे सैन्य १८७७ मध्ये मागे घेतले गेले आणि काळ्यांवरील मारझोड, खुनांना मोकळे रान मिळाले. १८७९ च्या वसंतात लुईझियाना, मिसिसिपी, टेक्सासमधून सुमारे सहा हजार माणसे एकाएकी कॅन्सासकडे निघाली. मिसिसिपी नदीवरच्या कित्येक बोटी त्यांना चढवून घेईनात. सेंट लुईसच्या काळ्या मंडळींनी चर्च उघडून त्यांना आसरा दिला, जेवू घातले, पुढच्या तिकिटाचे पैसे जमवले.

यावर मोठा वाद झाला. फ्रेडरिक डग्लस हे त्यांचे सर्वांत मोठे पुढारी, स्वतः गुलामीतून सुटलेले. ते म्हणत, की पळू नका, दक्षिणेतच आपली संख्या आहे, तिथेच हक्क मागा. सामान्य माणसांनी त्यांचे ऐकले नाही. हा वाद आपल्याला ओळखीचा आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तेव्हा सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसवावीत, असा ठराव बाबासाहेबांच्या उपस्थितीत संमत झाला होता. पुढे १९५९ आणि १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारोंनी तुरुंग भरले, त्यांत कडेवर लेकरे घेतलेल्या बायाही होत्या. गावात राहून लढावे, की गाव सोडावे? डग्लससाहेबांबद्दल आदर ठेवून म्हणते, ज्याच्या घराला आग लागली आहे त्याने काय करावे हे त्यालाच ठरवू द्यावे.

आता कुटुंबांविषयी. गुलामांचे लग्न कायदा मानत नव्हता. बाप एकीकडे विकला जाई, आई दुसरीकडे, मूल तिसरीकडे. मुक्ती मिळाल्यावर लोकांनी आधी आपली माणसे शोधायला सुरुवात केली. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट' या साप्ताहिकात १८७७ पासून 'हरवलेली माणसे' अशा अर्थाचे सदर चालू होते. आईचे नाव काय, मालक कोण होता, कोणत्या बाजारात ताटातूट झाली, भावंडे किती, हे लिहून पाठवायचे. पन्नास सेंटला जाहिरात. धर्मोपदेशकांनी ती चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवावी अशी विनंती असे, कारण ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. तीस-तीस वर्षांपूर्वी विकलेल्या आईचा शोध लोक घेत. सापडणारे थोडे होते, तरी ते सदर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालले. साप्ताहिक म्हणजे काय असते, हे आपल्यालाही कळायला हवे.

म्हणूनच निकोडेमसला माणसे एकेकटी आली नाहीत. सासू, दीर, चुलते, शेजारी असे गोतावळ्यासह आली. दाव्याच्या जमिनी शेजारी-शेजारी लावल्या.

त्या गावाची भरभराट मात्र टिकली नाही. रेल्वे गावातून जाणार म्हणून दुकाने वाढली होती. १८८८ मध्ये रुळ नदीच्या पलीकडून गेले. दुकानदार आपली लाकडी दुकाने उचलून रुळाकडे निघून गेले. १९३० नंतरच्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उरलेसुरले कंबरडे मोडले. तरुण पोरे डेन्व्हर, टोपेका, कॅलिफोर्नियाकडे गेली.

सबंध अमेरिकेत १९२० साली सुमारे सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते. पुढे त्यांची संख्या झपाट्याने घटली. सरकारी कर्ज देताना रंग पाहिला जातो, म्हणून १९९७ मध्ये त्यांनी शेतीखात्यावर दावा लावला आणि १९९९ मध्ये भरपाईचा समझोता झाला. पण जमीन जाण्याचे एक कारण घरातलेही होते. दक्षिणेत बाप मृत्युपत्र न करता जाई. जमीन सगळ्या वारसांची सामाईक राही. शहरात गेलेल्या एखाद्या नातवाचा छोटा हिस्सा व्यापारी विकत घेई आणि कोर्टात वाटणी मागे. कोर्ट सबंध जमिनीचा लिलाव काढी. आजोबाने फावड्याने कमावलेले शेत एका सकाळी जाई. आपल्याकडे कायदा निराळा आहे, पण वतनाची, गायरानाची जी चार-दोन एकर हाती आली, तिच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव किती घरांत आहे? वारसनोंद झाली का? तिच्यात मुलींची नावे लागली का? मुंबई-पुण्याच्या भावाने आणि गावच्या भावाने एकदा तलाठ्याकडे बरोबर जाऊन पाहावे. भांडण नंतर करता येते.

निकोडेमस आज अगदी लहान गाव आहे. मोजकी माणसे राहतात. १९९६ मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली. तरी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे गर्दी उसळते. वेस्ट इंडिजमधील गुलामी १ ऑगस्ट १८३४ रोजी संपली, त्या दिवसाचा उत्सव हे लोक १८७८ पासून करीत आले आहेत. आता त्याला 'घरवापसी' असा अर्थ असलेले नाव आहे, पण या शब्दाने दचकू नका, इथे घरी परतणे म्हणजे खरोखरच आजीच्या घरी परतणे. दूरदूरच्या शहरांतून अलेक्झांडर, बेट्स, स्विट्झर, विल्यम्स अशा घराण्यांतील पोरे-नातवंडे येतात, मिरवणूक निघते, जेवणावळी उठतात. म्हातारी माणसे नव्या पोरांना जवळ बोलावून आधी विचारतात, तू कोणाचा रे?