जिन्याखालची बॅटरी

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे तळमजल्यावरील कापड दुकानास आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात माणसे प्राणांस मुकली. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. घात केला तो धुराने. दुकानात चार्जिंगला लावलेली विद्युत दुचाकी आगीस कारण झाली असावी, असा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला. वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये घरात चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला, तेथे तर अंदाजाचेही कारण उरले नाही.

मानवतसारख्या कापसाच्या पेठेने या परगावच्या बातम्या म्हणून सोडून देऊ नयेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि दोहोंस मिळून एकच जिना, ही आपल्याकडील बाजारातील घरांची जुनी रचना. चोराच्या भयाने रात्री गाडी आत येते आणि चार्जिंगला लागते ती त्याच जिन्याखाली! कापसाची गंजी पेटली तर काय करावे, हे जिनिंगमधील हमालही सांगेल. बॅटरीची आग मात्र निराळ्या जातीची आहे. लिथियमचा एक सेल बिघडून तापला की शेजारच्या सेलला पेटवितो. त्यांतून हायड्रोजनसारखा ज्वालाग्राही आणि कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन फ्लोराइड यांसारखे विषारी वायू सुटतात. कोंदट जागेत ते साठले की एक ठिणगी पुरते. ठिणगी न पडली तरी श्वास कोंडतोच. वाळू टाकून हे भागत नाही. भरपूर पाण्याने बॅटरी थंड करावी लागते, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

सरकार स्वस्थ बसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२२ मधील आगींनंतर 'एआयएस-१५६' हे मानक डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. परंतु ते तपासते नवी बॅटरी. गल्लीत दुरुस्त केलेली बॅटरी किंवा दुसऱ्याच गाडीचा चार्जर नव्हे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गाडीस तर नोंदणीही लागत नाही. मग अशा किती गाड्या कोणत्या जिन्याखाली उभ्या आहेत, हे कोणास ठाऊक असणार?

गाडी कोठे चार्ज व्हावी, हा प्रश्न दिल्लीत सुटणारा नाही. बाजारपेठेत उघड्यावर, छपराखाली चार्जिंगची जागा नगरपरिषदेने द्यावी आणि घराच्या एकमेव वाटेत गाडी चार्जिंगला लावण्यास स्पष्ट मनाई करावी. तोवर निदान रात्रीचे चार्जिंग तरी दुकानदारांनी आजपासून बंद करावे.